शिंगांचा अँटेना

वडील गेल्यावर आई अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहिली. "जालन्याला चल," म्हणून मी दर शनिवारी विनवायचो. ती म्हणे, "अरे, गाय कोणाच्या दावणीला बांधू? अन् तुझ्या त्या खोल्यांत मला करमायचं नाही." तिची मागणी एकच. संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या दिसाव्यात.

ही गोष्ट २०१७ ची. आदल्या वर्षी फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केले होते, त्यांत त्या वेळचे औरंगाबादही होते. मी पडलो शेतीचा पदवीधर, गावोगाव सल्ले देत हिंडणारा. म्हटले, छतावर चढायला नको. घरात ठेवायचा दोन शिंगांचा अँटेना आणि डबा घेतला की झाले. दुकानदारानेही मान डोलावली.

टीव्ही लावला तर पडदा काळा! आमचे घर पत्र्याचे. पत्र्यातून लहरी आत येत नाहीत, हे शाळेत शिकलेले मी विसरलो होतो. अँटेना वायव्येच्या खिडकीत ठेवला, तेव्हा चित्र आले. पण निवेदकाच्या तोंडाचे चौकोनी तुकडे होऊन तिथेच गोठले. म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून येणारे जुने चित्र बरे, पडद्यावर मुंग्या आल्या तरी बातम्या ऐकू यायच्या. एकाने छतावर पाइप फिरवायचा, खालच्यांनी "आलं, आलं, गेलं!" ओरडायचे. डिजिटलचे तसे नाही. आले तर लख्ख, नाही तर काहीच नाही.

मग मी बूस्टर आणला. तोही पैसा वाया. कालव्याच्या टोकाला पाणीच पोचत नसेल तर मोटार मोठी बसवून काय उपसणार? औरंगाबाद आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटर. इतक्या लांबून छतावरच्या उंच अँटेनाने कदाचित जमले असते, घरातल्या शिंगांनी नाही.

त्या चिडीत मी बोलून गेलो, "इथं काही दिसत नाही ना? मग चल आता जालन्याला." आई काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी गेलो तर टीव्हीवर वडिलांचे धोतर झाकलेले. मला फार लागले.

शेवटी फ्री डिशची छत्री आणली. ही दूरदर्शनची सेवा २००४ पासून आहे. एकदा सामान घ्यायचे, महिन्याचे भाडे नाही. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. आपल्या जिल्ह्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर. नेमका तिथेच वडिलांनी लावलेला कडुनिंब! फांदी तोडू का, असे विचारायचा धीर झाला नाही. गोठ्याच्या भिंतीवरून आभाळ मोकळे दिसत होते, छत्री तिथे बसवली. वायर थोडी जास्त लागली, एवढेच.

एक उणीव हिलाही आहे. जोराच्या पावसात चित्र जाते. म्हणून वादळ-गारपिटीचा इशारा आभाळ भरून येण्याआधीच ऐकून ठेवावा, हे मी आईला बजावले होते.

मृगाच्या पहिल्या सरीला तिचा फोन आला. "तुझा टीव्ही गेला रे," आई म्हणाली, "पण पाऊस आला."