‘भारी’ म्हणून मोकळं होण्याआधी

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवसा वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात बसतो, रात्री जुन्या लॅपटॉपवर गाणी मिक्स करतो. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं मला व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ पाठवला. ‘सुपर मारिओ’ या व्हिडिओ गेममधल्या संगीताचा रिमिक्स. मी तेव्हा नगरपालिकेच्या सभेत होतो. न ऐकताच ‘भारी रे!’ लिहिलं, दोन अंगठे टाकले आणि मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई दारात.

“भाऊ, तुम्ही भारी म्हणालात म्हणून विचारायला आले. बचत गटातून साठ हजार उचल म्हणतोय, मोठे स्पीकर घ्यायला. तुम्ही पेपरवाले, चार गोष्टी तुम्हाला कळतात. उचलू का?”

माझ्या एका शब्दावर साठ हजारांचं कर्ज उभं राहत होतं. उद्या सांगतो म्हटलं आणि रात्री हेडफोन लावून बसलो.

संगीताचं शास्त्र मला येत नाही. पण हे संगीत पाठ आहे. १९९४-९५ च्या सुमारास आमच्या एसटी स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तासाला पाच रुपये. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. वर ‘९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं, आत तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा. मारिओ मात्र हमखास असायचा.

१९८५ साली आलेल्या या गेमचं संगीत कोजी कोंडो या जपानी संगीतकाराचं. त्यांच्या हाताशी वाद्यवृंद नव्हता. त्या यंत्रातून एका वेळी तीनच सूर वाजायचे, आणि ताल धरायला एक खरखर. मारिओनं उडी मारली की त्या आवाजासाठी एक सूर तेवढ्यापुरता बाजूला व्हायचा. एवढ्याशा सामग्रीतून केलेलं ते काम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ मध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

पोरानं घेतली होती जमिनीखालच्या बोगद्यातली धून. खेळलेल्यांना आठवेल. खालच्या पट्टीत सहा सुरांचा एक तुकडा वाजतो आणि थांबतो. शांतता. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा शांतता. लहानपणी भीती वाटायची ती त्या शांततेची. आता पुढून काय येणार, हे त्या रिकाम्या जागेत कळायचं नाही.

आमच्या पोरानं नेमकी तीच जागा बुजवली होती. पहिल्या सेकंदापासून धाड धाड ठोका. तुकडा संपला की सायरन. सायरन संपला की त्याच्याच नावाची घोषणा, साडेतीन मिनिटांत सात वेळा. आवाज इतका चढवलेला की ठोक्याखाली मूळ सूर फाटत होते. शेवट तर नव्हताच, वीज गेल्यासारखं गाणं बंद.

बंद करणार होतो, तेवढ्यात दोन मिनिटांच्या पुढे एक जागा आली. ठोका थांबला, हलगी सुरू झाली. खरी हलगी. तिचा कडकडाट आणि खाली मारिओचा तो तुकडा, दोघं एकमेकांना जागा देत होते. जेमतेम दहा सेकंद. मी ती पाच वेळा ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्याला चहाला बोलावलं.

“हलगी कुठली रे?”

“मामाची, काका. जत्रेत मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. काढणार होतो, गावठी वाटते.”

म्हटलं, गाण्यात तुझं असं तेवढंच आहे, बाकीचं कुणीही केलं असतं. मग एकेक सांगत गेलो. शांतता का बुजवलीस? नाव एकदा सांगितलं की पुरे, सातव्यांदा ऐकणारा वैतागतो. आवाज वाढवला म्हणून गाणं मोठं होत नाही. सूर कोंडोंचे आहेत, हक्क त्यांच्या कंपनीचे. घरात शिकायला वाजवतोस ते ठीक, विकायला गेलास तर परवानगी लागेल. आणि साठ हजारांचे स्पीकर आत्ता नकोत. आधी बरा हेडफोन घे, स्वतःचं काम नीट ऐकायला शीक. आईलाही तेच सांगितलं.

पोरगा मान खाली घालून ऐकत होता. चहा तसाच राहिला. जाताना एवढंच म्हणाला, “परवा तर भारी म्हणाला होतात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या मित्रांचे मेसेज सुरू झाले. ‘काका, पोराला खच्ची करू नका.’ ‘गरिबाचं पोरगं वर येतंय ते बघवत नाही का?’ एकानं तर माझी जातही काढली. गाणं किती जणांनी ऐकलंय म्हणून विचारलं, तर उत्तर नाही.

ही सवय त्या पोरांनी आमच्याकडूनच उचलली आहे. वीस वर्षं मी तालुक्याच्या बातम्या लिहितोय. पुस्तक प्रकाशनाची बातमी लिहिताना पुस्तक उघडलंय असं किती वेळा झालं? नाटक स्पर्धा ‘रसिकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादात’, नेत्याचा वाढदिवस ‘दिमाखात’, रस्त्याचं उद्घाटन ‘जल्लोषात’. रस्ता पावसाळ्यात वाहून गेला की आम्ही तोंडावर बोट ठेवतो किंवा एकदम शिव्या घालतो. कौतुक आणि शिवी यांच्या मधे एक मोठी जागा असते. काय जमलं, काय नाही, का नाही, हे सांगण्याची. तीच आम्ही बुजवून टाकली आहे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हाचे आमचे एक सर आठवतात. माझी पहिली बातमी त्यांनी लाल पेनानं अशी रंगवली होती की रडू आलं होतं. पण शेवटून दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘बातमी इथून सुरू होते.’ त्या एका ओळीवर आजवर पोट भरतोय.

व्हिडिओ गेमच्या संगीताचे हौशी रिमिक्स घेणारं ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ नावाचं एक संकेतस्थळ १९९९ पासून चालू आहे. तिथं परीक्षक रचना ऐकतात आणि नाकारली तर का नाकारली ते लिहून कळवतात. तेही हौशीच, पगार कुणालाच नाही. अनोळखी पोराच्या गाण्यासाठी कुणी एवढा वेळ काढतं. मला माझ्या गल्लीतल्या पोरासाठी साडेतीन मिनिटं काढता आली नव्हती. खरी चूक ती होती, त्याचा सायरन नव्हे.

पोरगा आठ दिवस बोलला नाही. दुकानावरून गेलो तर ट्यूबमध्ये डोकं घालायचा. वाटलं, तुटलं हे नातं.

काल रात्री साडेअकराला फाइल आली. खाली लिहिलेलं, ‘काका, ऐकून मग बोला.’

ऐकली. सायरन गेलाय. नाव एकदाच, सुरुवातीला. हलगी आता पहिल्या मिनिटातच येते, आणि तिच्याआधी त्यानं दोन ठोक्यांची शांतता सोडली आहे. आवाज अजून फाटतो. शेवट अजूनही जमलेला नाही.

त्याला तसं कळवलंय. यावेळी अंगठा टाकला नाही.