कोबेतल्या भेंड्या

मराठी कुटुंब सहलीला निघाले आणि गाडी घाट चढू लागली, की कोणीतरी "भेंड्या!" म्हणून ओरडतेच. या खेळात मी लहानपणापासून तरबेज. त्याचे श्रेय गळ्याला नाही. त्या बाबतीत आमच्या घराण्यावर सरस्वतीची अवकृपाच आहे. माझे रहस्य एवढेच, की गाणे निवडताना इतरेजन त्याचा आरंभ पाहत, मी शेवट पाहत असे. 'ळ'वर संपणारे गाणे मी राखून ठेवी आणि नेमके धाकट्या बहिणीवर सोडी. 'ळ'ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ती रडकुंडीला येई. मग स्वयंपाकघरातून आई म्हणे, "अरे, ळ वरून ल घेतात. घे गं तू ल!" हा नियम साऱ्या महाराष्ट्राला मान्य होता, मला तेवढा नव्हता.

पुढे त्याच बहिणीने एका जपानी गृहस्थाशी लग्न ठरवले. घरातला वडील मुलगा म्हणून मी विरोध केला आणि लग्नाला गेलो नाही. आई मात्र गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "एकदा जाऊन ये." मी "बघू" म्हणालो. बघता बघता नऊ वर्षे गेली; दोन वर्षांपूर्वी आईही गेली. तेव्हा कुठे मी या मे महिन्यात कोबेला जाणारे विमान पकडले.

निघण्यापूर्वी बहिणीचे पत्र आले. "दादा, इथे पाहुणा आला की त्याला कराओकेला नेतात. तुला एक तरी जपानी गाणे म्हणावे लागेल." सोबत पाच गाणी देवनागरीत उतरवून पाठवली होती. त्यांतल्या एकावर लाल पेन्सिलीची खूण होती: 'उए ओ मुइते अरुको', म्हणजे 'वर पाहत चालू या'. साकामोतो क्यू या एकोणीस वर्षांच्या गायकाने ते १९६१ मध्ये गायिले. १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. परदेशी लोकांना मूळ नाव उच्चारणे जड जाईल, म्हणून तिकडे त्याचे नाव 'सुकियाकी' ठेवले गेले. सुकियाकी हा गोमांसाचा रस्सेदार पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही! खुणेपुढे बहिणीने कारणे दिली होती. चाल संथ आहे. गळा फार वर न्यावा लागत नाही. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना येते. आणि मध्ये शीळ आहे, तिथे भाषा लागत नाही. बी.ए.च्या विद्यार्थ्याने इतके मुद्देसूद उत्तर लिहिले, तर मी आनंदाने पहिला वर्ग देईन.

कोबे म्हणजे मागे रोक्कोचे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. हे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंपाने कोबे उद्ध्वस्त झाले. त्यात सहा हजारांवर माणसे दगावली. आज नवख्याच्या डोळ्यांना त्याची खूण चटकन दिसत नाही.

रविवारी आम्ही सारे आगगाडीने सान्नोमियाला निघालो. सात वर्षांच्या भाच्याने मला शिरितोरि शिकवायला घेतले. शिरितोरि म्हणजे शेवट पकडणे. एकाने शब्द सांगायचा, दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा शब्द द्यायचा. फक्त नामे चालतात आणि तोच शब्द पुन्हा चालत नाही. अक्षरे अ-इ-उ-ए-ओ, का-कि-कु-के-को अशी आपल्या बाराखडीच्या वळणाची. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला, हे मला ठाऊक होते. त्यामुळे मी जरा ऐटीतच बसलो.

"रिंगो," भाचा म्हणाला. म्हणजे सफरचंद. "गोरिरा," त्याची आजी म्हणाली. अर्थ सांगावा लागला नाही. "राप्पा," मेहुणे. म्हणजे कर्णा. आता 'पा' माझ्याकडे आला. सकाळीच बेकरीत एक शब्द शिकलो होतो. मी दिमाखात म्हणालो, "पान!" म्हणजे पाव.

डबाभर ऐकू जाईल असा भाचा हसला. शेवटी 'न्' आला की खलास! त्या अक्षराने जपानीत शब्द सुरू होत नाही. तो देणारा तिथल्या तिथे हरतो. मी भाच्याला समजावू लागलो, की बाबा रे, तुमचा पान आणि आमचा पाव ही दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. पण हरलेल्या माणसाची व्युत्पत्ती कोण ऐकतो?

दुसऱ्या डावात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कार्टे आजीला सारखे 'रु' देत होते. साऱु म्हणजे माकड, काएरु म्हणजे बेडूक. र-वर्गाने सुरू होणारे अस्सल जुने जपानी शब्द जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते बहुतेक चिनी किंवा युरोपीय भाषांतून आलेले. 'रु' म्हणजे त्यांचा 'ळ'च म्हणा ना! मी बहिणीकडे पाहिले. "मामावर गेलाय," ती म्हणाली. आजी मात्र शांतपणे "रुसु" म्हणाल्या. रुसु म्हणजे घरी नसणे. आणि दर वेळी त्या नातवाला एखादे सोपे अक्षर परत देत होत्या.

कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद: वाद्ये वाजतात, गाणाऱ्याची जागा मोकळी. तोक्योत नेगिशी शिगेइचि यांनी १९६७ मध्ये असे यंत्र केले होते. पण खरा प्रसार झाला तो याच कोबेतून. बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांची साथ करणाऱ्या इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे यंत्र बनवले आणि बारना भाड्याने दिले. पेटंट काही घेतले नाही. २००४ मध्ये त्यांना नोबेलची थट्टा करणारे 'इग नोबेल' शांतता पारितोषिक मिळाले. माणसांना एकमेकांना सोसून घ्यायची नवी रीत शिकवली म्हणून. गाण्याच्या खोल्यांची सुरुवात १९८५ च्या सुमारास ओकायामात झाली, ती जुन्या मालवाहू कंटेनरांत.

आमची खोली आगगाडीच्या डब्याएवढीच. पडदा, दोन मायक्रोफोन, भाच्यासाठी खंजिरी. शिरितोरि इथेही सुटली नाही. फक्त शब्दांऐवजी गाण्यांची नावे. आजींनी १९१४ चे शाळागीत 'फुरुसातो' म्हटले. फुरुसातो म्हणजे आपले गाव. 'तो' आला, तेव्हा भाच्याने १९८८ च्या चित्रपटातले 'तोनारि नो तोतोरो' ठोकून दिले. 'रो' आला, आणि मेहुण्यांनी 'रॉबिन्सन' लावले. शेवटी 'न्'! भाचा खंजिरी आपटून ओरडला. मेहुणे मात्र डोळे मिटून गाणे पुरे करीत होते. "त्यांना ठाऊक होतं," बहीण माझ्या कानाशी म्हणाली. "हे गाणं १९९५ चं. भूकंपात घर गेलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते. तात्पुरत्या घरात रेडिओवर हेच लागायचं. दर वेळी ते हेच म्हणतात, आणि दर वेळी हरतात."

नवा डाव बहिणीने सुरू केला. तिने मात्सुदा सेइको यांचे १९८० चे 'आओइ सांगोश्यो' निवडले, म्हणजे निळी प्रवाळभित्ती. गाऊन झाल्यावर तिने मायक्रोफोन माझ्यापुढे धरला. "दादा, उ." तिकडे लेखनात 'श्यो' लांबवायचा तर पुढे 'उ' हे अक्षर जोडतात. शेवट 'उ'. आणि मला येत होते ते एकच गाणे, 'उ'चेच. मी लहानपणी गाण्याचा शेवट पाहून निवड करी, ती तिला अडवायला. तिनेही शेवट पाहूनच निवड केली होती.

मी गायिलो. पडद्यावरचे शब्द रंग बदलत पुढे पळत होते आणि मी बहिणीच्या कागदाला धरून मागून चाललो होतो. शिळेची जागा आली. माझे ओठ कोरडे पडले होते. नुसता वारा निघाला. तेवढ्यात आजींनी शीळ उचलली. सत्तरी उलटलेली बाई, आणि अशी स्वच्छ शीळ! मग मेहुणे, मग भाचा, मग मी. यंत्राने मला ६८ गुण दिले. परीक्षक उदार होता.

परतीच्या गाडीत भाच्याने विचारले, "मामा, हे मराठीत काय?" आणि ओठांचा चंबू करून दाखवला. मी सांगितले, "शीळ." त्याने तो शब्द दोन-तीनदा घोळवला, 'ळ'शी झटापट केली, आणि लगेच आईकडे वळून म्हणाला, "शीळ! आता तू!"

बहिणीने माझ्याकडे पाहिले.

"ळ वरून ल घेतात," मी म्हणालो. "घे गं तू ल."