सोळा पायऱ्या

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळं पाणी, पांढरी वाळू आणि मधुचंद्राची जोडपी येतात, नाही का? मीही मे महिन्याच्या सुटीत मावसबहिणीकडे गेले ती शंखशिंपले वेचायच्याच बेताने. पण नांदेडला परतल्यावर आठवत राहिल्या त्या पोर्ट लुई बंदरातल्या सोळा दगडी पायऱ्या!

या जागेचं नाव आप्रवासी घाट. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. पाहायला तसं फार नाही. दगड आपल्यासारखाच काळा, कारण ते बेटही ज्वालामुखीतून झालेलं. इस्पितळ, स्वयंपाकघर, शौचकूप यांचे अवशेष आहेत. जहाजातून उतरलेली माणसं या पायऱ्या चढून वर यायची, दोन दिवस थांबायची आणि मग उसाच्या मळ्यांवर वाटली जायची.

१८३५ साली तिथली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाजाने ३६ मजूर आले होते. मग ओघच लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं आली. मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसं होती, विशेषतः रत्नागिरीकडची. करार पाच वर्षांचा, पगार सुरुवातीला महिना पाच रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ.

आणि प्रवास शिडाच्या जहाजाचा! साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर. वाऱ्याच्या मर्जीवर चार-सहा आठवडे. समुद्र ओलांडणं पाप मानायचा तो काळ. कडेवर पोर, पोटात अन्न ठरत नाही, आणि जहाजात पटकीचा एक रोगी निघाला तर सगळ्यांनाच किनाऱ्यापासून दूर ठेवायचे. १८५६ साली दोन जहाजांतल्या माणसांना गॅब्रिएल नावाच्या उघड्या बेटावर उतरवलं. तिथे दोनशेहून अधिक माणसं दगावली. हे वाचलं आणि पुढची दालनं मी नुसतीच चालत गेले.

नावांची गंमत मात्र ऐका. कारकुनाने बापाचं नाव आडनाव म्हणून लिहून टाकलं, त्यामुळे आपली ‘जी’ लागणारी नावं तिथे आडनावं झाली आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते! रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते, डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच. मी तीन खाल्ल्या.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या नांदेड-लातूरला समुद्र नाही, बाई हे कशाला सांगतात? तर सांगते. तिथे एक नियम होता. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. तो वाचला आणि मला आपला ‘खाडा’ आठवला. मी अर्धवेळ शिकवते ती शाळा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ट्रकने ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तरी खाडा पडतो आणि त्याचे पैसे हिशेबात कापले जातात. ट्रकवर शेळी, पातेली, गोधड्या आणि आमची पाचवीतली दोन-तीन पोरं.

शाळा उघडल्यावर मी वर्गात नकाशा लावला आणि मुंबईपासून त्या ठिपक्यापर्यंत बोट फिरवून ही सगळी हकिगत सांगितली. पोरांना जहाजाची मौज वाटली. शिडं किती, मासे धरायचे का, असं काहीबाही विचारत बसली. मागच्या बाकावरची एक मुलगी, दरवर्षी सहा महिने गैरहजर असणारी, तिने मात्र वेगळंच विचारलं.

“बाई, त्यांच्या खाड्याचे पैसे कोन भरायचं?”

मी म्हटलं, “त्यांच्याच पगारातून कापायचे.”

“आमचं बी तसंच हाय,” ती म्हणाली, आणि वहीत त्या बेटाचं नाव लिहून घेऊ लागली.