खडकांचें जन्मटिपण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या मंडळींच्या नगरच्या, पश्चिम टोकास अकोलें तालुका आहे. राजूरवरून भंडारदऱ्यास जाणारा प्रवासी १९२६ सालीं पुरें झालेलें प्रवरेचें धरण व १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर पाहून संतुष्ट होतो. परंतु वाटेंत विहिरींच्या कांठीं पडलेल्या काळ्या दगडांकडे ज्यानें दृष्टि टाकली नाहीं, त्यानें या प्रांताचें सर्वांत जुनें दप्तर न वाचतांच सोडलें, असें आम्ही म्हणूं.

या काळ्या पाषाणास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. त्याच्या पोकळ्यांतून पांढरे, क्वचित् फिकट गुलाबी स्फटिक चमकतात. मुलें त्यांस सरसकट गारगोट्या म्हणतात. तथापि त्यांतील पुष्कळ झिओलाइट वर्गांतले असतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. थिजतांना त्यांतील वायूचे बुडबुडे जागच्या जागीं अडकले. पुढें ऊन पाणी भेगांतून झिरपलें आणि त्यानें खडकांतील द्रव्यें विरघळवून या पोकळ्यांत स्फटिकरूपानें बसविलीं. झिओलाइटच्या अंगीं पाणी असतें. फार तापवितां तें निघून जातें. हीं खनिजें बहुधा दोन-अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या आंतच टिकतात. सबब तीं जेथें शाबूत आहेत, तेथील खडक त्यानंतर फार तापला नाहीं व फार खोलही गेला नाहीं, अशी त्यांची साक्ष होय.

याच्या अगदीं उलट साक्ष लडाखांत त्सो मोरारी सरोवराच्या आसमंतांत मिळते. तेथील इक्लोजाइट नांवाचा खडकही मूळचा बेसाल्टच, म्हणजे आमच्या दगडाचा सगोत्रच. सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं भारतभूमीची कडा आशियाखालीं दबली, तेव्हां तो सुमारें शंभर किलोमीटर खोल गेला. त्या दाबानें जुनीं खनिजें मोडलीं. तांबडा तामडा व हिरवें ऑम्फासाइट उत्पन्न झालें. तामड्याच्या पोटांत कोएसाइटचे सूक्ष्म कण सांपडले आहेत. गारेचें हें घट्ट रूप प्रचंड दाबावांचून होत नाहीं. शिवाय तामडा आंतून बाहेर वाढतो, आणि गाभ्यापासून कडेपर्यंत त्यांतील लोह, चुना इत्यादि द्रव्यांचें प्रमाण पालटत जातें. त्यावरून खडकाचा सारा प्रवास वाचतां येतो.

आमच्या पोकळ्यांतही असाच क्रम आहे. भिंतीस चिकटलेला थर आधींचा, मध्यावरचा स्फटिक मागाहूनचा. हा क्रम हेंच खरें धन होय. बाजारांत सुटा विकला जाणारा स्फटिक सुंदर खरा. परंतु तो कोणत्या गांवचा, कोणत्या थराचा, कोणाच्या पाठीवर वाढलेला, हें हरपलें म्हणजे तो पोथींतून फाडलेलें पान होतो. लडाखांतील तो कण तामड्यासकट सांपडला, म्हणूनच बोलला.

तेव्हां मुलांबाळांसह भंडारदऱ्यास जाल, तर स्फटिक खणून आणूं नयेत. दगड आहे तेथेंच पाहावा, आणि गांव, थर व स्फटिकांचा क्रम मुलांकडून वहींत लिहवून घ्यावा. घरीं शोभेचा एक खडा आणण्यापेक्षां तें टिपण अधिक मोलाचें ठरेल.