आग्रारोडवरचा मुक्काम

धुळ्याहून उत्तरेकडे शिरपूरच्या दिशेने मोटारीने निघालेला मनुष्य अर्ध्या तासाच्या आत सोनगीरला पोहोचतो. टेकडीवरचा लहानसा किल्ला, तांबटांच्या वस्तीतून येणारा हातोड्यांचा ठोका, आणि दोंडाईचाकडे जाणारा रस्ता जेथे मुंबई-आग्रा महामार्गापासून फुटतो त्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणारी माणसे, एवढे डोळ्यांखालून घालून तो पुढे निघून जातो. प्रवासातील स्वस्त आणि सुरक्षित निवास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि ज्या गावी आज परगावचा मनुष्य सहसा मुक्काम करीत नाही अशा गावापासून मी त्याचा आरंभ करतो, यास कारण आहे. मुक्कामाची जागा कोठे निर्माण होते, कशाने टिकते आणि कशाने नाहीशी होते, हे ज्याला उमगले त्याला परक्या गावात रात्री आठ वाजताही पडायला जागा शोधणे जड जात नाही.

ओझ्याची बैलगाडी दिवसभरात दहा-बारा मैल मजल मारी, आणि धुळे ते सोनगीर हे अंतर नेमके तेवढेच आहे. दक्षिणेस लळिंगचा किल्ला, मध्ये सोनगीर, पलीकडे तापीच्या काठी फारुकी राजवटीचे जुने ठाणे थाळनेर, अशी ही साखळी ज्यांनी निर्माण केली त्यांना रस्त्याचा बंदोबस्त आणि वाटसरूचे पेणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत हे पुरते ठाऊक होते. ज्या वाटेने लष्कर जाई त्याच वाटेने व्यापारी, यात्रेकरू आणि जासूद जात. प्रत्येकाला संध्याकाळी पाणी, वैरण, विस्तव आणि भिंतीचा आडोसा लागे. विहिरीचे पाणी स्वतः शेंदून प्यावे लागत असल्याने तांब्या आणि दोरी हा प्रत्येक प्रवाशाच्या सामानाचा पहिला जिन्नस असे, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या कसब्याला अशा रस्त्याचा शेजार लाभावा, यात दोघांचेही हित होते. पुढे मोटार आली, बारा मैलांची मजल काही मिनिटांवर आली, आणि सोनगीरचा मुक्काम उठून धुळ्याला गेला. वाहनाचा वेग बदलला की मुक्कामाची गावे बदलतात. म्हणून स्वस्त जागा शोधणाराने पहिला प्रश्न हा विचारावा, की या वाटेवरच्या माणसाला आज कोठे थांबल्यावाचून गत्यंतर नाही?

या प्रश्नाच्या उत्तरातच माझ्या अभ्यासाचे अर्धे सार आहे. हौसेने जेथे लोक जातात तेथे खोली महाग असते, आणि गरजेने जेथे जातात तेथे ती माफक असते. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे केले, तेव्हापासून कचेऱ्या, न्यायालये आणि पेठ यांच्यामुळे या शहरी कामकाजाच्या माणसाची ये-जा अखंड आहे. तारखेला आलेला पक्षकार, नमुन्यांची पेटी घेऊन फिरणारा विक्रेता, रुग्णालयात भरती झालेल्या रोग्याचा भाऊ, परीक्षेला आलेला विद्यार्थी, ही माणसे बसस्थानकाच्या आणि बाजारपेठेच्या आसपास उतरतात. ती पुन्हा येणार हे लॉजवाल्याला माहीत असते, आणि पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाईकाला नाडून कोणाचाही धंदा चालत नाही. म्हणून अजिंठ्याची लेणी पाहणाराने पायथ्याशी महाग खोली घेण्यापेक्षा साठेक किलोमीटरवरच्या जळगावी उतरावे, तोरणमाळला जाणाराने शहाद्याचा विचार करावा, आणि लळिंग, सोनगीर व थाळनेर पाहणाराने धुळ्यात पथारी टाकावी.

मात्र गरजेच्या गावालाही हंगाम असतो, आणि तो पंचांगावरून आधी ओळखता येतो. दाट तिथीच्या लग्नसराईत वऱ्हाडासाठी सबंध लॉजच आरक्षित होतो. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरला की शहाद्या-दोंडाईचापर्यंत खोली मिळण्याची मारामार होते. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेल्या खानदेशी भाविकांनी वाटेवरची देवळे आणि शाळांच्या ओसऱ्या भरून जातात. अशा दिवसांत प्रवास टाळता येत नसेल, तर मुक्काम एक गाव अलीकडे किंवा पलीकडे करावा. तिन्हीसांजेला पोहोचून घासाघीस करण्यापेक्षा दुपारीच फोन करून जागा धरावी, यातच शहाणपण आहे.

आता प्रत्यक्ष लॉजच्या पायऱ्या चढू. जिन्याच्या तोंडाशी मेज, त्यावर लांबट नोंदवही, भिंतीवर किल्ल्यांचा फळा आणि देवाची तसबीर, असे याचे रूप खानदेशात सर्वत्र सारखे आहे. ‘भाऊ, खोली शे का?’ असे अहिराणीत विचारले तर पुढचे संभाषण अधिक मोकळेपणाने होते, हा माझा नित्याचा अनुभव आहे. नोंदवहीत नाव, वय, पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार, काम काय, हे रकाने ज्या ठिकाणी काळजीपूर्वक भरून घेतले जातात आणि ओळखपत्र पाहिले जाते, ती जागा बहुधा सुरक्षित असते. ‘राहू द्या, सकाळी लिहू’ म्हणणाऱ्याकडे, विशेषतः कुटुंब बरोबर असताना, उतरू नये. दर विचारताना तो करासह किती, आणि दिवस कसा मोजणार, हे दोन प्रश्न एकदमच विचारावेत. काही ठिकाणी आल्या वेळेपासून चोवीस तास धरतात, तर काही ठिकाणी दुपारी बाराला दिवस संपतो. रात्री अकराला येऊन दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या माणसाला पहिल्या हिशेबाने एक दिवसाचे भाडे पडते आणि दुसऱ्याने दोन दिवसांचे. फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारा भाव आणि मेजावरचा भाव यांतही फरक असतो. कधी हा कमी, कधी तो. म्हणून ॲपवर जागा पाहावी, आणि लॉजवाल्याशी एकदा बोलून मग निर्णय करावा.

पैसे देण्यापूर्वी खोली पाहावी, आणि पाहताना गादीकडे शेवटी जावे. प्रथम नळ सोडावा. पाण्याला जोर आहे का, ते गढूळ आहे का, यावरून गच्चीवरच्या टाकीची आणि मालकाच्या नीयतीची दोन्हींची परीक्षा होते. मग दाराची कडी आतून लावून पाहावी; ती सैल असेल, किंवा नव्याने ठोकलेली असून चौकट फाटलेली असेल, तर दुसरी खोली मागावी. उशीचा अभ्रा उलटून पाहावा. वरची चादर रोज बदलतात, अभ्र्याला पाळी उशिरा येते. आणि खानदेशात चैत्र-वैशाखात उतरणाराने एक गोष्ट कधीही विसरू नये: वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली थोडी स्वस्त मिळते, परंतु पारा पंचेचाळिसाच्या घरात गेलेल्या दिवशी तो स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडीत राहतो, आणि कूलर असला तरी त्यात पाणी कोण घालणार हे ठरलेले नसते. मधल्या मजल्यावरची, उत्तरेकडे किंवा बोळाकडे खिडकी असलेली खोली पन्नास रुपये अधिक देऊनही घ्यावी.

ही उष्ण खोलीची तक्रार फार जुनी आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने बऱ्हाणपुरास गेला, तेव्हा तेथील सराईत त्याला मिळालेल्या विटांच्या घुमटाकार कोठड्या भट्टीएवढ्या आणि भट्टीसारख्या होत्या, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. पुढे याच सुरत-बऱ्हाणपूर मार्गावर शहाजहानची कन्या जहानआरा हिने वाटसरूंसाठी सराई बांधविल्याचे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच्या प्रवासवर्णनात येते. राज्यकर्त्याने किंवा राजकुळातील स्त्रीने सराई बांधणे हे त्या काळी पुण्यकर्म होते आणि राज्यकारभाराचे अंगही होते. मल्हारराव होळकरांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी, महेश्वरी बसून देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या, त्यामागेही हीच दृष्टी होती.

इंग्रजी अंमलात १८६७ साली सराईंचा कायदा झाला. त्याची कलमे वाचताना मला नेहमी वाटते, की ती लिहिणाराला रात्रीच्या उतारूची भीती पुरती ठाऊक असावी. सराईची सरकारदरबारी नोंद असावी. खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. ज्या झाडाच्या फांदीवरून चोर आत-बाहेर करू शकेल ती फांदी तोडावी. दारे आणि भिंती दुरुस्त असाव्यात. पुरेसे पहारेकरी नेमावेत. साथीच्या रोगाने कोणी आजारी पडल्यास पोलीस ठाण्यास कळवावे. आणि दरांचे पत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. हे न पाळणाऱ्यास वीस रुपयांपर्यंत दंड होता. पाणी, स्वच्छता, पहारा आणि जाहीर दर, या चार गोष्टी दीडशे वर्षांपूर्वी किमान मानल्या गेल्या. आजही स्वस्त खोलीची पारख करताना मी याच चार कसोट्या लावतो.

पाचवी कसोटी मात्र त्या कायद्यात सापडत नाही, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: दार कोणाला उघडे आहे? बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पारशी सराईत दीड रुपया रोजाने, तेही परके नाव धारण करून, राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९२९ साली धुळ्याच्या कामावरून परतताना चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले, सराव नसलेल्या माणसाने हाकलेला टांगा उलटला आणि ते जायबंदी झाले. १९३७ च्या जुलैअखेर ते न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यास आले तेव्हा लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते आणि खानदेशभरची माणसे त्या बंगल्यापुढे नतमस्तक होतात. एका थोर पुरुषाच्या एका मुक्कामाची समाजाने यात्रा करावी, यावरून दार उघडे मिळणे ही गोष्ट ज्यांना ते बंद मिळाले त्यांच्या लेखी केवढी असते, हे ध्यानात यावे.

गाडगेबाबांनी हे मर्म ओळखले होते. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, आणि पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला येऊनही ज्यांना कोणी ओसरी देत नसे त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ती पुढे त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या कर्करुग्णांना आश्रय देते. आजच्या भक्तनिवासांत शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे उतरलेल्या प्रत्येकाला प्रचीती येते, की कमी भाडे आणि धुतलेली चादर यांत कसलाही विरोध नाही. परंतु पुष्कळ भक्तनिवासांत एकट्याने आलेल्यास खोली देत नाहीत, आणि एकट्या स्त्रीला तर लॉजच्या मेजावरही नको त्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पाचव्या कसोटीवर आपण अजून पूर्ण उतरलेलो नाही.

महामार्गावर तर परिस्थिती अधिक बिकट आहे. अमेरिकेत १९२५ साली कॅलिफोर्नियातील सान लुईस ओबिस्पो येथे मोटारवाल्यांसाठी पहिले मोटेल निघाले, आणि गाडी दारात उभी करून तेथेच झोपण्याची सोय तिकडच्या रस्त्यांवर रूढ झाली. आपल्या महामार्गावर मोटेलचा फलक लावलेल्या जागी बहुधा जेवणच मिळते. रात्री विसावा देण्याचे काम करतो तो आग्रारोडवरचा ढाबा: शेवभाजी आणि भाकरी खाल्लेल्या ट्रकवाल्याला तो अंगणातली खाट देतो, तिचे वेगळे पैसे घेत नाही, आणि पहाटे हाक मारून उठवतो. कसलेही अनुदान नसता शेकडो चालकांची झोप या खाटांनी सांभाळली आहे. परंतु पावसाळ्यात ही सोय संपते, आणि स्त्रीप्रवाशाला तर ती कधीच नव्हती.

शासनाच्या धोरणात स्वस्त खोलीचा विचार किती तुटपुंजा आहे, हे करावरून दिसते. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली वस्तू व सेवा कराची माफी १८ जुलै २०२२ रोजी काढून तिच्यावर बारा टक्के कर बसविला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्क्यांवर आला हे चांगलेच झाले, परंतु साडेसात हजारांपर्यंतच्या सर्व खोल्यांना एकच दर असल्याने सहाशेच्या खोलीत उतरणारा पक्षकार आणि सात हजारांच्या खोलीतला पर्यटक कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीला बसतात. हजाराखालची माफी पुन्हा द्यावी, आणि प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकात स्त्रियांचा व पुरुषांचा वेगळा शयनकक्ष, कुलूप लागणारी पेटी, चोवीस तास पाणी आणि दर्शनी भागी दरफलक असावा, एवढी माझी मागणी आहे. रस्ता चौपदरी करण्याच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे, आणि रस्त्याचा उपयोग कोणाला होणार हे पुष्कळसे त्यावरच ठरणार आहे.

तोवर वाचकांनी आपल्या परीने एक काम करावे. दिवाळीच्या सुटीत घराबाहेर पडाल तेव्हा एखाद्या आडबाजूच्या गावी स्वच्छ पाणी, पक्की कडी आणि जाहीर दर असलेला लॉज सापडला, तर तेथे घासाघीस न करता सांगितलेले भाडे द्यावे, नोंदवहीत सुवाच्य अक्षरात नाव-पत्ता लिहावा, आणि त्या जागेचे नाव चार जणांना सांगावे. सचोटीने चाललेली स्वस्त जागा गिऱ्हाइकांच्या शिफारशीवरच तग धरते, आणि ती टिकली तर उद्या परीक्षेला निघालेल्या एखाद्या मुलीच्या बापाला तिला एकटीने पाठविताना घोर पडणार नाही.