मालवणचे घावन

सिंधुदुर्ग किल्ला पाहून होडी मालवणच्या धक्क्याला लागते, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्ताची चिंता असते. भोवताली सर्वत्र मासळी. अशा वेळी घावनाची हातगाडी आधार ठरते. तांदळाचे पीठ, पाणी, मीठ एवढेच, आंबवणेही नाही. बिडाच्या तव्यावर पातळ पीठ ओतले की सुरेख जाळी पडते. मात्र तव्याला तेल बहुधा अर्ध्या कांद्याने लावतात, हे आपल्या मंडळींच्या ध्यानी क्वचितच येते. आम्ही गाडीवरच्या काकींना विनविले. त्यांनी तवा घासून धुतला, नारळाच्या सोडणाचा तुकडा तेलात बुडविला आणि म्हणाल्या, "आमची आवस असाच करायची." चटणीही आले-लसणाविना वाटली. धाकट्याने मात्र ती बाजूस सारून गूळ घातलेला नारळाचा रसच दोनदा मागून घेतला.