दोष वायरीचा, बोल मुलीला

मोटारसायकलच्या मीटरवरचा हिरवा दिवा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो लागला म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आहे, आता क्लच सोडायला हरकत नाही, असं आपण शिकतो आणि घरातल्या मुलांनाही शिकवतो. हा दिवा गियर ओळखतो कसा, याचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, वीज हा काही आमचा विषय नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात या दिव्यापायी आमच्या भाचीवर नोकरी सोडायची वेळ आली, तेव्हा तो समजून घेणं भाग पडलं.

भाची हर्णैला राहते आणि दापोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सकाळी साडेसातलाच बाकावर येऊन बसतात, त्यामुळे उशीर चालत नाही. पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता, मध्ये आसूदची वळणं, आणि तिच्या वेळेला जुळणारी एसटी नाही. तिचे अब्बा कुवेतला असतात. त्यांची चार गियरची जुनी मोटारसायकल पडवीत उभीच होती. भाचीने रीतसर लायसन्स काढलं आणि ती गाडी वापरायला घेतली.

मग एका आठवड्यात दोनदा गाडीने उडी मारली. दोन्ही वेळा ती थांबलेली होती. हिरवा दिवा पाहून तिने क्लच सोडला आणि गाडी पुढे झेपावून बंद पडली. पहिल्यांदा निभावलं. दुसऱ्यांदा बाजारात पुढचं चाक एका मासळीवाल्या मावशींच्या पाटीवर गेलं. अल्लाहचा शुक्र, मावशींना लागलं नाही, पण सगळी मासळी रस्त्यावर सांडली. संध्याकाळी चाचांनी किल्ली काढून घेतली. "पोरींना गियर जमत नाही. एसटीने जा, नाहीतर काम सोड," एवढंच ते म्हणाले.

गाडी त्याआधी गॅरेजात जाऊन आली होती. तिथे हिरवा बल्ब बदलला आणि "दिवा तर बरोबर लागतोय" असं सांगून ती परत पाठवली. गाडीत दोष नाही, म्हणजे दोष चालवणारीचा, असा घरात निकाल लागला. भाची एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "मामू, दिवा हिरवा होता. पाहिल्याशिवाय मी क्लच सोडला नाही."

वर्गात एखादा मुलगा म्हणतो, "सर, मी उत्तर लिहिलं होतं." अशा वेळी आधी त्याचा पेपर काढून पाहायचा असतो, मग बोलायचं. रविवारी आमच्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडून मल्टिमीटर मागून घेतला आणि आम्ही हर्णैला गेलो. निघण्यापूर्वी त्यांच्याकडून या दिव्याचं गणितही समजून घेतलं.

ते असं आहे. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज मीटरमधल्या प्रत्येक गियरच्या बल्बपर्यंत येते. बल्बच्या दुसऱ्या टोकाची वायर खाली इंजिनवरच्या गियरच्या स्विचपर्यंत जाते. गाडी ज्या गियरमध्ये असेल, त्या गियरची वायर हा स्विच इंजिनच्या धातूला जोडतो. इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलंच असतं, म्हणून तेवढाच दिवा लागतो. म्हणजे दिव्याला गियर दिसत नाही. आपली वायर धातूला लागली आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. मग ती स्विचमधून लागो, नाहीतर वाटेत कुठेतरी साल निघून लागो.

गाडी डबल स्टँडवर घेतली. इंजिन बंद, किल्ली चालू. भाची मागचं चाक हाताने फिरवत एकेक गियर टाकत होती आणि आम्ही वहीत लिहीत होतो. न्यूट्रलला हिरवा दिवा लागला. दोन, तीन, चारचे दिवे आपापल्या जागी लागले. एकचा लागला नाही, पण तो कित्येक महिन्यांपासून बंदच होता. बल्ब गेला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. चाचा दारात उभे राहून पाहत होते. "बघा, हिरवा कुठे खोटा लागतोय?" ते म्हणाले.

उभी गाडी आणि चालती गाडी यात फरक असतो. चालताना सगळं थरथरतं. म्हणून दुसरा गियर तसाच ठेवून आम्ही इंजिनकडून वर येणारा वायरींचा जुडगा बोटांनी हलवला. दोनचा दिवा लागलेला होताच, त्याच्या शेजारी हिरवाही लागला. पुन्हा हलवला, विझला. भाचीने चाचांकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

आता दोष नेमका कुठे, हे शोधायचं होतं. टाकीखाली या वायरींचा कनेक्टर असतो, तो सोडवला. किल्ली चालू ठेवून मीटरकडे जाणारी एकेक वायर तारेच्या तुकड्याने इंजिनला टेकवली. पाचही दिवे लागले, एकचासुद्धा. म्हणजे बल्ब ठीक होते आणि वरचं वायरिंगही ठीक होतं. मग किल्ली बंद करून खालच्या वायरींना मल्टिमीटर लावला. त्याचं एक टोक वायरीला, दुसरं इंजिनला. न्यूट्रलच्या वायरीवर न्यूट्रलमध्ये शिट्टी वाजली, हे बरोबर. गियर टाकल्यावर ती थांबली, हेही बरोबर. पण गियरमध्ये असताना जुडगा हलवला की ती पुन्हा वाजायची. आणि पहिल्या गियरच्या वायरीवर काही केल्या वाजत नव्हती. दोष कनेक्टर आणि स्विच यांच्यामध्ये, हातभर अंतरात होता.

गियरचा दांडा काढला, पुढच्या चेनचक्राचं झाकण उघडलं. आत चेनचं तेल आणि लाल माती मिळून काळा लगदा साचला होता. तो पुसल्यावर सगळा उलगडा झाला. वायरी बाजूला धरून ठेवणारी क्लिपच जागेवर नव्हती. जुडगा सैल होऊन चेनकडे लोंबत होता आणि घासला जात होता. न्यूट्रलच्या वायरीचं साल निघून उघडी तांब्याची तार इंजिनला मधूनमधून टेकत होती. तिच्या शेजारची पहिल्या गियरची वायर पार तुटली होती. म्हणून गाडी पहिल्या गियरमध्ये असताना एकचा दिवा बंद आणि हिरवा चालू, असं व्हायचं. मुलगी दिवा पाहूनच क्लच सोडत होती.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून मग वायरी कापल्या. खाऱ्या हवेने आतलं तांबं काळपट पडलं होतं, चकचकीत तार दिसेपर्यंत मागे कापत जावं लागलं. नवे तुकडे जोडले, सोल्डर केलं आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली. नुसती चिकटपट्टी तेलात आणि उष्णतेत टिकत नाही. दोन जोड शेजारी शेजारी येऊ नयेत म्हणून ते पुढेमागे ठेवले. जुडगा चेनपासून दूर नेऊन नव्या क्लिपने बांधला. सगळं बसवल्यावर वहीतली तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी जुडगा हलवायचं काम चाचांना दिलं. त्यांनी तो हलवला, ओढला, पिळला. हिरवा दिवा फक्त न्यूट्रललाच लागला.

वायर, स्लीव्ह आणि क्लिप मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत. एवढ्याशा वायरीसाठी एका मुलीची कमाई बंद होणार होती. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला जमत नाही हे तिला स्वतःलाच पटू लागलं होतं. आपण बदगुमानी वाईट म्हणतो, पण घरातल्या मुलींच्या बाबतीत ती सहज करतो. मुलगा धडपडला की गाडी तपासतो, मुलगी धडपडली की मुलीला तपासतो.

वाचकांना एक सांगणं आहे. दिव्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. सुरू करण्याआधी क्लच न दाबता गाडी थोडी पुढेमागे ढकलून पाहा. मागचं चाक मोकळं फिरलं तरच ती न्यूट्रलमध्ये आहे. सुरू करताना क्लच दाबूनच ठेवा आणि हळू सोडा. एखाद्या गियरचा दिवा बंद पडला तर बल्ब गेला असं धरून चालू नका. आणि चेनचक्र बदलून घेतलंत तर झाकण लावण्यापूर्वी वायरींची क्लिप जागेवर आहे ना, ते डोळ्यांनी पाहा.

त्या आठवड्यात भाची मासळीवाल्या मावशींकडे जाऊन नुकसानीचे पैसे देऊन आली. चाचांनी माफीबिफी मागितली नाही. सोमवारी पहाटे फक्त कपाटातली किल्ली काढून तिच्या डब्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आसूदला रस्ता ओला असेल, सावकाश जा."